कुरळे केस घरीच सरळ केले तर खरोखर पैसे वाचतात का?

मूळ लेख
माझे केस दाट आणि कुरळे आहेत. डोंबिवलीतल्या एका पार्लरमध्ये स्मूदनिंगचे, म्हणजे रसायनाने केस सरळ करण्याचे, साडेपाच हजार रुपये सांगितले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे सहा महिन्यांत मुळाशी पुन्हा कुरळेपणा दिसू लागतो आणि तोच खर्च वर्षातून दोनदा करावा लागतो. त्याऐवजी मी अठराशे रुपयांचा स्ट्रेटनर घेतला आणि गेले दीड वर्ष आठवड्यातून एकदा, केस पूर्ण वाळल्यावर, १८० अंशांच्या वर न जाता तो वापरते आहे. बेताच्या पगारात घर चालवणाऱ्या मुलींनी हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १
हा हिशेब मला अपुरा वाटतो. इस्त्रीच्या उष्णतेने केसांचा आकार धरून ठेवणारे नाजूक हायड्रोजन बंध तेवढ्यापुरते सुटतात आणि दमट हवा लागली की ते पुन्हा जुळतात. जुलैत घरून स्टेशनवर पोहोचेपर्यंत कपाळावरच्या बटा वळलेल्या असतात, म्हणून आठवड्याची इस्त्री रोजची होते. माझे तसेच झाले. एकदा कामाच्या घाईत ओलसर केसांवरच मशीन फिरवले, तेव्हा चर्र असा आवाज आला आणि वाफ निघाली. केसात अडकलेल्या पाण्याची आतल्या आत वाफ होऊन पोकळ बुडबुडे तयार होतात आणि केस नेमका तिथे तुटतो. नंतर कित्येक दिवस कंगव्यात बोटभर लांबीचे तुकडे येत होते. शेवटी चार इंच केस कापावे लागले. ते नुकसान कोणत्या खात्यात मांडायचे?

प्रतिसाद २
मग रिबॉन्डिंगचे, म्हणजे केस कायमचे सरळ करण्याचे, क्रीम आणून घरीच लावावे. बहिणीने मला दोनदा लावून दिले, सहाशे रुपयांत काम झाले आणि केस उत्तम राहिले.

प्रतिसाद ३
मी नऊ वर्षे पार्लरमध्ये काम करते, म्हणून कळकळीने सांगते की हे करू नका. त्या क्रीममधले थायोग्लायकोलेट हे रसायन केसांना बळकटी देणारे डायसल्फाइड बंध तोडते. एक केस ताणून पाहत ते कधी धुवायचे हे ठरवावे लागते, आणि दुसऱ्या वेळी ते फक्त नव्याने वाढलेल्या मुळांनाच लावायचे असते, कारण आधी सरळ केलेल्या भागावर ते पुन्हा गेले तर केस रबरासारखे ताणून तुटतात. तुमचे निभावले, सर्वांचे निभावेलच असे नाही. पार्लरची प्रत्येक ट्रीटमेंट निर्धोक असते, असेही मी म्हणणार नाही. केस मऊ आणि सरळ करणाऱ्या काही केराटिन ट्रीटमेंटमधून फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोगकारक ठरवलेला आहे. त्यामुळे बाटलीवरचे घटक वाचायला मागा.

मूळ लेखिका
पावसाळ्याचा मुद्दा मला मान्य आहे. जून ते सप्टेंबर मी इस्त्री बंद ठेवीन आणि केस कुरळेच राहू देईन. घरी रसायन लावायचे नाही, हेही पटले. मात्र उरलेल्या आठ महिन्यांसाठी अकरा हजार रुपये मोजायला मी आजही तयार नाही.