लहान मुलांना शेजारची जागा आणि सुके खोबरे
गोव्यातल्या मोपा विमानतळाहून निघताना पाच वर्षांच्या मुलीला विमानात आईपासून दूरच्या रांगेत बसवल्याचा अनुभव एकाने सांगितला आहे, त्यात थोडी भर घालतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना असे निर्देश दिले आहेत, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर (म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर) प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. काउंटरवर आवाज न चढवता, पण ठामपणे, याचा हवाला द्यावा. मुलाचे तिकीट वेगळ्या आरक्षणात काढले असेल, तर मात्र हा आधार लंगडा पडतो.

कान दुखून रडणाऱ्या तान्ह्या बाळाला विमान जमिनीला टेकण्याच्या बेतात असताना नव्हे, तर खाली येऊ लागताच पाजावे, कारण गिळण्याच्या क्रियेने कानातला दाब सारखा होतो.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आजी हमखास बांधून देते ते सुके खोबरे मात्र घरीच राहू द्यावे. तेलामुळे ते ज्वालाग्राही मानले जाते आणि हातातल्या पिशवीतही चालत नाही, बॅगेतही नाही. पेंगुळलेले मूल कडेवर घेऊन, मागे रांग खोळंबलेली असताना, दोरीने आवळलेली बॅग सोडत बसण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.