मदत हवी आहे: आंबेमोहोर, उकडा आणि काळा चाखाओ, तिन्ही भात बिघडताहेत

वाटीभर:
घरात सध्या तीन तांदूळ आहेत. यंदाचा नवा आंबेमोहोर, गोव्याचा लालसर उकडा आणि मणिपूरचा काळा चाखाओ. तिन्ही एकाच पद्धतीने करून पाहिले: चार पाण्यांनी चोळून धुतले, अर्धा तास भिजवले, कुकरच्या डब्यात एकाला दोन पाणी, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. कोलम या मापाने हमखास मोकळा होतो.

आंबेमोहोरचा गिचका झाला आणि वासही येईना. उकड्याचं पाणी पार आटलं, पण शितात मधे पांढरी कणी राहिली. चाखाओ रबरासारखा झाला, शिवाय डब्याबाहेर उतू जाऊन कुकरातलं पाणीही जांभळं. प्रत्येकाचं पाणी आणि वेळ नेमकी किती ठेवू?

पेजपाणी:
आधी उकड्याचं सांगते, कारण तिथे पद्धतच वेगळी लागते. उकडा म्हणजे साळ सालासकट उकडून, वाळवून मग कांडलेला तांदूळ. त्याचं पिष्ट एकदा शिजून पुन्हा कडक झालेलं असतं, म्हणून पाणी आत शिरायला वेळ घेतं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत ते गाभ्यापर्यंत पोचत नाही. तुमची पांढरी कणी ती हीच.

हा भात वेळूनच करा. एक वाटी तांदूळ तीनचार पाण्यांनी स्वच्छ धुवा (उकड्याला कधीकधी आंबूस वास असतो, तो धुण्याने जातो) आणि तासभर भिजवा. मोठ्या पातेल्यात सहा वाट्या पाण्याचं आधण ठेवा, खळखळलं की तांदूळ वैरा. झाकण अर्धवट ठेवा, पूर्ण लावलंत तर फेस ओट्यावर येईल. मध्यम आचेवर तीस ते चाळीस मिनिटं लागतात. पंचविसाव्या मिनिटापासून एक शीत चिमटीत दाबून बघत जा. दोन्ही बोटांखाली ते सपाट झालं आणि मधे पांढरा ठिपका उरला नाही की झालं. मग पेज गाळून काढा, भात झाकून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा.

मधेच पाणी कमी वाटलं तर उकळतंच घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजण्याचा अंदाज चुकतो. पेज ओतून देऊ नका. मीठ घालून, सोबत लोणच्यातली कैरी घेऊन प्या.

कुकरच हवा असेल तर डबा न ठेवता थेट कुकरमध्ये एकाला चार पाणी, एक शिट्टी, मग आच बारीक करून पंधरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, झडपेत पेज अडकते.

आधण:
आंबेमोहोरबद्दल. चूक पाण्यात आहेच, पण त्याआधी धुण्यात आणि भिजवण्यात. दाणा आखूड, नाजूक, नवा असताना तर फारच. चोळलात की तुटतो, कण्यांचं पीठ होऊन पाण्यात उतरतं आणि तोच गोळा बनतो. दोनदा, बोटांनी हलकेच ढवळून धुवा. भिजवू नका. त्याचा वास उडून जाणारा असतो, भिजवलेलं पाणी फेकलं की काही त्यातच गेला, उरलेला लांबलेल्या शिट्ट्यांबरोबर.

पातेल्यात: नव्या तांदळाला एकाला पावणेदोन वाट्या पाणी, वर्षभर जुन्याला सव्वादोन. पाणी उकळल्यावर वैरा, एकदाच ढवळा. पाणी आळून वर भोकं दिसू लागली की झाकण लावून आच अगदी बारीक करा. आठ मिनिटांनी गॅस बंद, त्यानंतर दहा मिनिटं झाकण उघडू नका. डब्यात करायचा तर नव्याला पावणेदोन पाणी आणि दोनच शिट्ट्या. आसट, किंचित चिकट होणार, तोच त्याचा स्वभाव आहे. वरणभाताला किंवा मेतकुटाबरोबर तो तसाच हवा. पुलावासाठी आंबेमोहोर वापरणं म्हणजे त्याच्याशी भांडण.

आणि पुडीतला तांदूळ खरोखर आंबेमोहोर आहे का, हेही बघा. जीराशंकर किंवा जवाफूल यांसारखे आखूड सुवासिक तांदूळ त्याच नावाने विकले जातात. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पिशवीवर त्याचा उल्लेख शोधा. मावळातला इंद्रायणी मिळाला तर तोही चालेल. तो आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला आहे, दाणा तुलनेने धडधाकट. त्याला एकाला दोन ते सव्वादोन पाणी.

कोंडाकणी:
चाखाओचं राहिलं. काळा रंग कोंड्याच्या थरात असतो आणि तो थर पाणी अडवतो. अर्ध्या तासाने काही होत नाही, रात्रभर, निदान आठ तास भिजवा. एकदाच हलकं धुवा आणि भिजवलेल्या पाण्यातच शिजवा, रंग त्यात उतरलेला असतो. भिजवलेल्या तांदळाला एकाला अडीच पाणी, एक शिट्टी, मग बारीक आचेवर वीस मिनिटं. डबा अर्धाच भरा, म्हणजे उतू जाणार नाही.

पांढऱ्या भातासारखा मऊ तो होणार नाही. वरून चिवट, आतून चिकट असाच राहतो. खीर करायची तर आधी पाण्यात पूर्ण शिजवा, मग दूध, साखर सर्वांत शेवटी. साखर आधी घातली तर दाणा मऊ पडायला फार वेळ लागतो. लवकर शिजावा म्हणून सोडा घालू नका, भात निळसर-हिरवट होतो. लिंबाने उलट लालसर होतो, ते दिसायला बरं असतं.

कोंडा तेलकट असल्याने हा तांदूळ खवट होतो. फ्रिजमध्ये ठेवा आणि दोनतीन महिन्यांत संपवा.

वाटीभर:
सगळ्यांचे आभार. एक शंका: चाखाओ आणि इंद्रायणी मिसळून एकत्र शिजवता येईल का?

कोंडाकणी:
येईल, पण एकाच वेळी वैरू नका. भिजवलेला चाखाओ पाऊण वाटी, त्याला दोन वाट्या पाणी, पातेल्यात झाकून वीस मिनिटं शिजवा. मग धुतलेला सव्वादोन वाट्या इंद्रायणी आणि साडेचार वाट्या उकळतं पाणी घाला. पुढे वर आंबेमोहोराला सांगितलंय तसंच. सगळा भात जांभळा होईल, त्याला इलाज नाही.