रक्तपिती, कुष्ठ, कुष्ठरोग: सांगाड्याच्या अहवालात काय लिहावं?

करवंद: रत्नागिरीकडे जुनी माणसं महारोगाला ‘रक्तपिती’ म्हणतात. उत्खननात मिळालेल्या सांगाड्याबद्दल मराठीत लिहिताना हा शब्द चालेल, की ‘कुष्ठ’ बरा?

खाजण: दोन्ही नकोत. आयुर्वेदातलं ‘रक्तपित्त’ म्हणजे रक्तस्रावाचा विकार, त्यामुळे घाटावरचा वाचक भलतंच समजेल. ‘कुष्ठ’ तर त्याहून ऐसपैस. ७ महाकुष्ठं, ११ क्षुद्रकुष्ठं, त्यांत नायटासुद्धा आला. जुन्या ग्रंथात ‘कुष्ठ’ दिसलं की हाच रोग, असं धरता येत नाही. ‘कुष्ठरोग’ लिहा.

जांभा: तेही निदान झाल्यावर. आधी खूण नोंदवा. नाकपुडीच्या तळाशी मधोमध असलेला हाडाचा काटा झिजलेला, वरच्या पुढच्या दातांच्या खोबणीचं हाड आक्रसलेलं, हातापायांच्या बोटांची हाडं टोकाकडे निमुळती. एवढं एकत्र दिसलं तर निदानाला बळ येतं. राजस्थानात बालाथलला मिळालेल्या सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात चेहऱ्याच्या हाडांवरचे असे बदल महत्त्वाचे ठरले. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. नुसता काटा नसला तर घाई नको, तो टिकावानेही उडतो. ताज्या मोडीची कड धारदार आणि फिकी असते, रोगाने झिजलेली गुळगुळीत, गोलसर.

करवंद: आणि ‘प्लेगच्या खुणा असलेला सांगाडा’?

जांभा: चूक. प्लेग इतक्या लवकर मारतो की हाडावर काही उमटत नाही. जंतूचा डीएनए मिळाला तर दाताच्या आतल्या पोकळीत, कारण तिथवर रक्त पोचतं. म्हणून दात धुऊ नयेत, उघड्या हाताने धरू नयेत. तपासणीला दाताची थोडी पूड पुरते, पण धरणाऱ्याचा डीएनए मिसळला की निकाल वाचणं अवघड होतं.

खाजण: आपल्याकडे कोकणात मुळात हाड मिळायची मारामार. जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी, त्यात हाडातलं खनिज विरघळतं. शिंपल्यांच्या चुऱ्याची पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, असेल तर चुन्यामुळे हाड तग धरतं. मात्र उष्ण, दमट हवेत डीएनए लवकर तुटतो, त्यामुळे धड दिसणाऱ्या दातातूनही काही न मिळणं शक्य आहे. तेव्हा ‘रोग नव्हता’ असं लिहू नका. ‘डीएनए मिळाला नाही’ लिहा.

करवंद: मग वाक्य असं करतो: ‘नाकाजवळच्या आणि वरच्या जबड्याच्या हाडांत कुष्ठरोगाशी जुळणारे बदल.’

जांभा: ‘जुळणारे’ ठेवाच. बोटांची हाडं मिळाली नसतील तर तेही त्याच ओळीत लिहा.