उंदीर आणि आपण: मेंदूची प्रथिनं बरीच सारखी, म्हणून काय झालं?

गवतीचहा: आल्फा-सिन्युक्लीन हे पार्किन्सनमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन. १४० अमायनो आम्लांची साखळी, उंदरात आणि माणसात फरक जेमतेम ७ जागी. १९९७ मध्ये इटली-ग्रीसमधल्या काही घराण्यांत ५३व्या जागी ॲलानिन या अमायनो आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरं सापडलं. एवढ्या बदलाने माणसाला चाळिशीतच पार्किन्सन गाठतो. आणि उंदीर? त्याच्याकडे त्या जागी मुळातच थ्रिओनिन असतं! मजेत कुरतडतोय. माझं मत, उंदरावर भिस्त ठेवून मेंदूची औषधं शोधणं बंद करावं.

सांबारवडी: घाई होतेय. माणसाचं तेच बिघडलेलं प्रथिन उंदरात घातलं, तर उंदीरही लुळा पडतो. म्हणजे आतली यंत्रणा तीच ना? चेतापेशीतून संदेश सोडायला लागणारं स्नॅप-२५ हे प्रथिन बघा, २०६ पैकी २०६ जागा सारख्या. सुरकुत्यांसाठी टोचतात ते बोटॉक्स तेच कापतं. त्याचं एक युनिट म्हणजे टोचलेल्यांपैकी निम्मे उंदीर मरतील इतकी मात्रा. सुरकुत्या घालवणारी मंडळी उंदराच्या मापानेच मोजून घेतात, कुणाची तक्रार नाही.

गवतीचहा: लुळा पडतो, पण पार्किन्सनमध्ये मरतात त्या डोपामिन हे संदेशाचं रसायन बनवणाऱ्या पेशी त्या उंदरात बहुतांशी शाबूत राहतात. लक्षण मिळालं, रोग नाही. बोटॉक्सचं म्हणाल तर ते बोट्युलिनम या जिवाणूच्या विषाचा ए प्रकार. बी प्रकार पेशीत शिरताना सिनॅप्टोटॅग्मिन-२ या प्रथिनाला धरतो, आणि माणसात तिथे एकच अमायनो आम्ल वेगळं असल्याने पकड ढिली पडते. म्हणून त्याचे डोस हजारो युनिटांत जातात. कुठे गेलं तुमचं माप?

सांबारवडी: बरं, हा मुद्दा मान्य. पण ती ढिली पकड कळली कशी? उंदराच्या प्रथिनाशी ताडून पाहिल्यावरच! फरक उठून दिसायला बाकी सगळं सारखं लागतं.

ओसरी: तुम्ही दोघं उंदरातच अडकलात. अल्झायमरमध्ये मेंदूत थर होऊन साचणाऱ्या अमायलॉइड-बीटा या प्रथिनात ४२ पैकी ३ जागा उंदरात वेगळ्या, त्यामुळे त्याच्या मेंदूत आपोआप थर साचत नाहीत. कुत्र्याचं मात्र हुबेहूब आपल्यासारखं, म्हातारपणी थरही साचतात. आमचा मोती १४ वर्षांचा आहे. बाहेर जायचं असलं की दाराच्या बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा राहतो, दार उघडलं तरी तिथेच. माझे आजोबा शेवटी शेवटी असेच कपाटासमोर उभे राहायचे. प्रयोग करायचे तर या प्राण्यावर करा.

सांबारवडी: कुत्र्यात थर साचतात, पण अल्झायमरची दुसरी खूण, टाऊ प्रथिनाच्या गाठी, सहसा होत नाहीत. म्हणजे तेही अर्धंच. शिवाय कुत्रा म्हातारा व्हायला दहा-बारा वर्षं थांबायचं. उंदीर दोन वर्षांत म्हातारा होतो. आणि ओसरीताई, मोतीला द्याल का प्रयोगशाळेत?

ओसरी: नाही देणार. पण गेल्यावर त्याचा मेंदू तपासायला द्यायला माझी हरकत नाही. घरात अजून बोलले नाहीये.