सरकारी शाळेचा निकाल : शाळेचा की मुलांच्या घरचा?

पाटीपेन्सिल
दोन सरकारी शाळांचे निकाल शेजारी ठेवून 'ही चांगली, ती वाईट' असं आपण पटकन म्हणून टाकतो. तिथे कोणत्या घरांतली मुलं येतात, हे कुणी विचारत नाही. मी प्राथमिकला शिकवते, म्हणून मला हे फार लागतं.

समजा, दोन्ही शाळांत शंभर-शंभर मुलं आहेत. एका शाळेत ८० मुलांचे आईवडील शिकलेले, तर २० मुलं घराण्यात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेली. शिकलेल्या घरांतली ९० टक्के मुलं पास झाली, उरलेल्यांतली ४० टक्के. ७२ अधिक ८, एकूण ८०. दुसऱ्या शाळेत पट उलटा : २० आणि ८०. तिथे शिकलेल्या घरांतली ९५ टक्के पास, पहिल्या पिढीतली ५० टक्के. १९ अधिक ४०, एकूण ५९. दोन्ही गटांत दुसरी शाळा सरस, तरी फलकावर ८० विरुद्ध ५९! दाखल्यांसाठी रांग कुठे लागेल ते सांगायला नको.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६च्या अहवालात सहा लाखांहून जास्त विद्यार्थी तपासले होते. शाळांच्या इमारती आणि खर्च यांतल्या फरकापेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गातली सोबत यांचा गुणांशी जास्त संबंध दिसला.

गेल्या वर्षी एक मुलगी अर्ध्या वर्षात माझ्या वर्गात आली. चाचणीत शाब्दिक उदाहरणांना शून्य. मी तीच चार उदाहरणं तिला वाचून दाखवली. बोटांवर न मोजता चारही सोडवली तिने. अडलं होतं ते वाचनात. वर्षअखेरीस ती अक्षरं जुळवत स्वतः प्रश्न वाचू लागली, पण शाळेच्या तक्त्यात ती 'अपेक्षित पातळीखाली'च. तिची ही वाटचाल कुठल्या रकान्यात लिहायची? म्हणून म्हणते, निकाल गटवार लावा आणि मूल सुरुवातीला कुठे होतं तेही धरा.

मागचा बाक
बाई, तुमचा कळवळा खरा आहे, पण या युक्तिवादाची मला भीती वाटते. मी अशाच शाळेत शिकलो. गणिताच्या तासाला अपूर्णांक सुरू झाले, तेव्हा आमच्या सरांनी आम्हां पाच जणांना मागे बसवून शुद्धलेखन लिहायला दिलं. 'यांच्या घरी कोण घेणार आहे अभ्यास', असं आमच्यासमोरच म्हणाले. पुढे बीजगणितात मी ज्या गटांगळ्या खाल्ल्या, त्यांचं मूळ तिथे आहे. घरची परिस्थिती हे एकदा मान्य कारण झालं, की न शिकवण्याची मुभा मिळते.

इंग्लंडमध्ये हे करून झालं आहे. घरची गरिबी वगैरे धरून शाळांची प्रगती मोजायची पद्धत तिथे २००६मध्ये आणली. गरीब मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणं त्यामुळे पक्कं होतं, अशी भूमिका २०१०मध्ये सरकारनेच घेतली आणि ती पद्धत सोडून दिली. कोलमन यांचंही अर्धंच सांगितलंत. चांगल्या शिक्षकाचा फरक वंचित मुलांना जास्त पडतो, हेही त्यांनी नोंदवलं होतं.

वजाबाकी
दोघांच्या बोलण्यात एक गल्लत होते आहे. निकाल गटवार छापणं वेगळं आणि गटवार कमी अपेक्षा ठेवणं वेगळं. अमेरिकेत २००२मध्ये लागू झालेल्या कायद्याने गरीब, अपंग, इंग्रजी शिकत असलेली मुलं, असे निकाल वेगवेगळे दाखवणं शाळांना भाग पाडलं, पण उद्दिष्ट सगळ्यांना एकच ठेवलं. चांगल्या सरासरीच्या पोटात दडलेली मुलं त्यामुळे दिसू लागली. 'मागचा बाक', तुमचे सर अशा तक्त्यात पकडले गेले असते.

फसलं ते पुढे. २०१४पर्यंत शंभर टक्के मुलं पात्र झाली पाहिजेत, असा हट्ट होता. मग अनेक शाळांनी उत्तीर्णतेच्या रेषेजवळच्या मुलांवर जोर लावला. फार मागे असलेली आणि आधीच पुढे असलेली, दोन्ही मागे राहिली. शेवटी २०१५मध्ये कायदा बदलावा लागला.

चौकट
लहान शाळेत निकाल गटवार छापायचे तर जपून. गटात सहाच मुलं असतील तर एक मूल तापाने फणफणलेलं आलं, तरी आकडा जवळजवळ १७ टक्क्यांनी हलतो. आणि गटात दोघंच असली, तर छापलेला निकाल कुणाचा ते अख्ख्या शाळेला कळतं.

पाटीपेन्सिल
'मागचा बाक', तुमच्या सरांनी केलं ते अक्षम्य आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. 'घरचं वातावरण नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मीही ऐकते, आणि कधीकाळी माझ्याही तोंडून गेलं आहे. पण एकूण टक्केवारी बघून ज्या शाळेला नावं ठेवली जातात, तिथून आधी चांगले शिक्षक बदली मागतात आणि मग जाणते पालक दाखले काढतात. राहतात ती त्या मुलीसारखी मुलं.

मागचा बाक
हे पटलं. सुरुवातीची पातळी धरायला माझा विरोध नाही, घरची परिस्थिती धरून उद्दिष्ट उतरवायला आहे. एक विचारतो, त्या मुलीला तुम्ही अपूर्णांक शिकवलेत?

पाटीपेन्सिल
शिकवले. छेद समान करताना अजून अडखळते. पुढच्या वर्गाच्या बाईंना तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे : प्रश्न आधी तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, मग सोडवायला द्या.