मदत हवी आहे: ‘वॉलो’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,
अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातल्या बायसनवरचा (गव्यासारखा केसाळ रानटी प्राणी) एक लेख मुलांसाठी मराठीत आणतेय आणि ‘वॉलो’ (wallow) या इंग्रजी क्रियापदापाशी गाडी अडलीय.

डुकरं चिखलात वॉलो करतात, तिथे ‘लोळतात’ चालतं. म्हशी पाण्यात ‘डुंबतात’. माणूस ऐश्वर्यात ‘लोळतो’, तेही आपल्याकडे तयारच आहे. पण ‘सेल्फ-पिटी’त, म्हणजे स्वतःचीच कीव करण्यात, वॉलो करणारा मराठीत लोळत नाही, तो दुःख कुरवाळत बसतो. (हे मला मूळ इंग्रजीपेक्षाही आवडतं!) जहाज वॉलो करतं तेव्हा मोठ्या लाटांवर दोन्ही बाजूंना जडपणे कलंडत राहतं, त्याला ‘हेलकावे खाणं’ पुरेसं आहे का? मला ते जरा हलकं वाटतं, पाळण्यासारखं.

खरी अडचण नामाची आहे. बायसन बहुधा कोरड्या मातीत लोळतात, अंगावर धूळ बसली की किडे कमी चावतात, जुने केसही झडतात. पुन्हा पुन्हा तिथेच लोळून जमिनीला उथळ, बशीसारखा खळगा पडतो, पावसात तिथे पाणी साचतं, आजूबाजूपेक्षा वेगळ्या वनस्पती उगवतात. त्या खळग्यालाही इंग्रजीत ‘वॉलो’च म्हणतात. मी तूर्त ‘लोळण-खळगा’ लिहिलंय, पण ते कानाला खटकतं. ‘डबकं’ म्हटलं तर कोरडेपणा हरवतो.

गुरं राखणाऱ्या किंवा म्हशी पाळणाऱ्या घरांत अशा जागेला काही खास शब्द आहे का? विदर्भ, कोकण, खानदेश, कुठल्याही बोलीतला चालेल. शक्यतो वाक्यात वापरून सांगा.