पीबॉडीबाई इमर्सनला काय म्हणतील: 'अहो' की 'अरे'?

एलिझाबेथ पीटर्सची 'क्रोकोडाइल ऑन द सॅण्डबँक' (१९७५) वाचतेय आणि वाचताना मनात तिचं मराठी होत राहतं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काळ १८८०च्या दशकातला. वडिलांची भलीमोठी इस्टेट मिळालेली, ३२ वर्षांची, बिनलग्नाची अमेलिया पीबॉडी इजिप्तला जाते. कैरोच्या संग्रहालयात रॅडक्लिफ इमर्सन नावाच्या तापट उत्खननकाराशी तिची गाठ पडते. दोघांची पहिल्या भेटीपासून जुंपते, आणि पुढे अमार्ना या प्राचीन शहराच्या उत्खननावर रात्रीबेरात्री एक ममी चालत येऊन सगळ्यांची झोप उडवते. मालिकेतल्या पुढच्या पुस्तकांत ही दोघं नवराबायको म्हणून खुनांचा छडा लावत फिरतात. लेखिकेचं खरं नाव बार्बरा मर्ट्झ. शिकागो विद्यापीठातून त्यांनी १९५२ साली इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली होती, त्यामुळे त्यातली थडगी, खापरं, उत्खननाची रीत सगळं अस्सल आहे.

माझा प्रश्न संबोधनांचा आहे. लग्नानंतरही ती त्याला 'इमर्सन' म्हणते आणि तो तिला 'पीबॉडी', म्हणजे चक्क तिच्या माहेरच्या आडनावाने हाक मारतो. स्वारी खुशीत असली की 'पीबॉडी', बिनसलं की 'अमेलिया'! पुस्तकातला निम्मा विनोद आणि जवळजवळ सगळं प्रेम या दोन हाकांत आहे. इंग्रजीत पुढचं सर्वनाम एकच, त्यामुळे लेखिकेला काही ठरवावं लागत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. तुम्ही काय कराल?

जाता जाता: अशा जोडीला 'गुप्तहेर दांपत्य' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे दोघं गुप्तपणे काहीच करत नाहीत, अख्ख्या छावणीला ऐकू जाईल असं भांडतात. 'छडा लावणारं जोडपं' मला जास्त जवळचं वाटतं.

प्रतिसाद

सरळ अरे-तुरे करा. पीबॉडी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने हिंडणारी बाई. तिच्या तोंडी 'अहो' आलं की ती लगेच एक पायरी खाली उतरते. 'अहो, ऐकलं का' म्हणणारी पीबॉडी मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही. बरोबरीचं नातं आहे ना? मग 'तू'च हवं.

प्रतिसाद (धागाकर्ती)

बरोबरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'तू' आलं की भांडणातली गंमत जाते, असं मला वाटतं. समजा ती म्हणाली, 'तू मूर्ख आहेस, इमर्सन.' हे कुठल्याही घरातलं भांडण झालं. आता हे बघा: 'इमर्सन, तुम्ही अत्यंत मूर्ख गृहस्थ आहात.' राग तोच, पण पूर्ण पोशाखात आलेला. व्हिक्टोरियन विनोदाचं मर्म तिथेच आहे, शिष्टाचार एका अक्षराने न मोडता समोरच्याला आडवं करण्यात.

आणि याला आपल्याकडे भक्कम आधार आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढून बघा. बाईंचा जन्म १८६८चा, म्हणजे पीबॉडी नाईलवर होती तेव्हा त्या इकडे संसार करत होत्या. त्या काळातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, 'इकडून येणं झालं' असं बोलत. लक्ष्मीबाई मात्र लिहिताना सरळ 'टिळक' लिहितात. टिळक म्हणाले, टिळक चिडले, टिळक न सांगता निघून गेले. आडनाव आणि पुढे आदरार्थी क्रियापद. त्या आदरार्थी क्रियापदातूनच त्या त्यांचा शीघ्रकोप, त्यांची लहर, पैसे वाटून मोकळं होणं, सगळं सांगतात, आणि वाचणारा हसून हसून बेजार होतो. प्रेम तर ओळीओळीत दिसतं. पीबॉडीचं निवेदन मराठीत आणायचं तर त्याचा सूर हाच.

राहिली बरोबरी. तीही साधता येते: दोघांनीही एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचं. आपल्याकडे बायको 'अहो' आणि नवरा 'अगं', तिथे उतरंड तयार होते. 'पीबॉडी, तुम्ही त्या शिडीवरून खाली याल का?' असं नवरा म्हणाला की मराठी वाचकाला त्यातलं नवल आणि मान दोन्ही एकदम कळतं.

आणखी एक प्रतिसाद

'स्मृतिचित्रे'चा दाखला फार आवडला. त्याला जोडून दोन शब्द.

तिच्या बिनलग्नाच्या वयाला 'घोडनवरी' हा शब्द हाताशी आहे, काळालाही शोभतो. पण तो भावाच्या किंवा आत्याबाईंच्या तोंडी घाला. घोडनवरी हा दुसऱ्याने मारायचा टोमणा आहे, आणि पीबॉडीला स्वतःच्या एकटेपणाची लाज वाटत नाही.

दुसरा इमर्सनचा. इजिप्तमधली माणसं त्याला 'शिव्यांचा बाप' म्हणतात. ही मूळ अरबी धाटणी मराठीत जशीच्या तशी उतरते. इंग्रजीपेक्षा आपल्याकडे तिला जास्त धार आहे.

प्रतिसाद (धागाकर्ती)

'शिव्यांचा बाप' पक्कं!

एक शब्द माझ्याकडूनही. अमार्नाच्या राजवाड्यातली रंगवलेली फरशी टिकावी म्हणून तिच्यावर टॅपिओका (आपला साबुदाणा ज्याचा होतो ते पीठ) आणि पाणी यांचं मिश्रण लावतात, असा प्रसंग आहे. ही कल्पित गोष्ट नाही. फ्लिंडर्स पिट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांना १८९१-९२च्या हंगामात तिथे अशी फरशी सापडली आणि रंग उडू नये म्हणून त्यांनी हेच मिश्रण बोटाच्या कडेने हलकेच टेकवत लावलं होतं. मी आधी 'लेप' लिहिलं होतं, पण लेप जाड असतो, खालचं झाकतो. इथे तर फरशीवर रंगवलेली बदकं आणि बोरूची झुडपं दिसत राहायला हवीत. सुती साड्यांना करतात ती साबुदाण्याची पातळ खळ, तीच ही. म्हणून 'फरशीला खळ दिली' असं लिहिलंय. कुणाला याहून नेमकं क्रियापद सुचत असेल तर सांगा, 'दिली' आणि 'लावली' यांत मी अजून अडकलेय.